येळवस गच्चीवर

२६ ऑक्टोबर, सकाळ
येळवसला, म्हणजे वेळा अमावास्येला, सगळं लातूर शेतात जेवतं. ज्याला शेत नाही तो दुसऱ्याच्या शेतात. मी दुसऱ्याच्या, म्हणजे औशाला मेहुण्याकडे. यंदा जाणार नाही. निर्णय झाला.
गेल्या येळवसला वीरण्णा सगळ्यांसमोर म्हणाला, दाजी, तुमचं काम फक्त ताट पुढं करायचं. लोक हसले. उमा सर्वांत जास्त हसली. तिचा भाऊ ना.
यंदा भज्जी, म्हणजे येळवसची शेंगा-भाज्यांची एकत्र भाजी, माझ्या गच्चीवर. तूर, वाटाणा, हरभरा, मेथी, वांगी, सगळं कुंडीतलं. ताट वीरण्णाने पुढं करावं. वाटाणा-हरभऱ्याला लागणारी थंडी इथं जेमतेम दीड महिना, येळवस १९ डिसेंबरला. नियोजन असेल तर पुरते.

२७ ऑक्टोबर
पेरणी पूर्ण. वांग्याची मोठी रोपं नर्सरीतून आणली. उमा म्हणाली, तूर आत्ता पेरताय? म्हणालो, हो. ती पुढं काही बोलणार होती. थांबवलं. नकारात्मक माणसांचं ऐकायचं नाही.

९ नोव्हेंबर
नळाला आठव्या दिवशी पाणी. उमा म्हणते, आधी माणसं, मग मेथी. किती संकुचित विचार! उद्यापासून माझी अंघोळ गच्चीवर, वांग्यांच्या मधोमध.

१० नोव्हेंबर
समोरच्या नागुबाईंनी रस्त्यातून ओरडून विचारलं, सर, बाथरूम पडली का तुमची?
उद्यापासून अंघोळ खाली.

१८ नोव्हेंबर
तूर वीतभर. उमा आज सांगते की तूर पावसाळ्याच्या तोंडावर पेरतात. त्या दिवशी का नाही सांगितलं? म्हणे, तुम्ही बोलू दिलं नाही. हे काय कारण झालं? बियाण्याचं पाकीट पाहिलं. लिहिलंय, पण मागच्या बाजूला. मागची बाजू कोण वाचतं? संताप.
तूर रद्द. भज्जी तुरीवाचून अडत नाही.

२८ नोव्हेंबर
जेवताना मेथीची भाजी. उमाला म्हणालो, बाजारची आहे, चव नाही. तरी दोनदा घेतली. मग वर गेलो. मेथीची कुंडी रिकामी.
दिवसभर तिच्याशी बोललो नाही. तिला ते कळलं नाही.

५ डिसेंबर
हरभरा खारींनी संपवला. खारींवर कुणाचंच नियंत्रण नाही. गच्चीवर खुर्ची टाकून पहारा. डुलकी लागली. वांग्याची फुलंही गेली. एक वांगं वाचलं.

९ डिसेंबर
वीरण्णाचा फोन. दाजी, येळवसला गाडी कवा पाठवू? म्हणालो, यंदा तू इकडे ये.  म्हणाला, त्या दिशी शेत सोडून? दाजी, लातुरात कुत्रं बी राहत न्हाई हो त्या दिशी!
फोन आपटला. उशीवर, कारण नवा आहे.

१८ डिसेंबर
गल्लीत घरोघरी आमंत्रण दिलं. सगळे शेतात चाललेत. नागुबाई म्हणाल्या, सर, गच्चीवर कुठं येळवस असती का? तुमीच चला आमच्या संगं. या लोकांना नवं काही नकोच असतं.

१९ डिसेंबर, सकाळ
उमा वीरण्णाच्या जीपमधून गेली. मी येत नाही म्हटल्यावर म्हणाली, बरं. भाजी फ्रिजमध्ये नाही, कुंडीत आहे. करून घ्या.
काढणी केली. एक वांगं. वाटाण्याच्या पाच शेंगा. एक पोकळ.
वाढायला माणूस हवा. कठड्याशी उभं राहून हाक दिली, या जेवायला! गल्लीत कुलपं. चहावाला बंद. पुन्हा हाक दिली. खरंच, कुत्रंसुद्धा नाही.

संध्याकाळ
माल पिशवीत घातला आणि एसटीने औशाला गेलो. एसटीत मी आणि कंडक्टर. त्याने विचारलं, जेवायला उशीर झाला का साहेब? पिशवी मांडीवर घेतली.
वीरण्णाने काहीच विचारलं नाही. त्याचाच जास्त राग आला. भज्जी चुलीवर होती. त्याने माझ्या शेंगा सोलल्या, वांगं चिरलं, सगळं पातेल्यात टाकलं आणि ओरडला, आज भज्जीत दाजीचा वाटाणा हाय, जपून चावा रे!
लोक हसले. उमा हसली नाही. ती माझ्याकडे बघत होती. तिने हसायला हवं होतं.
भज्जी उत्तम झाली. ती कशामुळे झाली हे मला माहीत आहे. फक्त त्यातला माझा वाटाणा कोणता, ते ओळखू येईना. शोधायला तीन वेळा ताट पुढं केलं.