मुंगीवरून केलेली पारख

पुनाराम,

तुझ्या फुलवंताले अन् तान्हुल्याले मी बैलबंडीनं गोंदियाच्या डाक्टरीणबाईकडं घेऊन चालली. मायनं तिच्या दुधात मुंगी सोडली. मुंगी मेली, म्हणून दूध जहरी ठरवलं अन् पाच दिवस लेकरू छातीपासून तोडलं. तू बाप असून पाहत राहिला! मुंगी पाण्यातही मरते, म्हणून तू पाणी सोडलं काय? सुईणीनं हात लावताच सांगितलं, कोणाची नजर लागली नाही, दूध कोंडून गाठ झाली. छाती लाल झाली, अंग चुलीसारखं तापलं, तरी तापाच्या भरात ती अंगाईच गुणगुणून राहिली. आज माय त्याच गाठीवर विळा तापवून डाग देणार होती. विळा मी विहिरीत टाकला. पाहिजे असेल तर उतर अन् शोध.

तुझी मोठी बहीण,
शेवंता