वरचीने लावलेलं कुंकू

आई, तुझ्याशी एक भांडण करायचं राहून गेलंय, वरच्या मजल्यावरच्या त्या मुलीवरून, आपल्या वरचीवरून. तू असताना हिंमत झाली नाही आणि मग तू गेलीसच. तुला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी मनासारखं भांडायला मला अजून तूच लागतेस. दुसऱ्या कुणाशी भांडायचं तर आधी सगळं समजावून सांगावं लागतं, आणि समजावून सांगण्यातच भांडणाची गोडी जाते.

टेक्सासमधल्या अर्विंगचं ते अपार्टमेंट तू विसरली नसशील. सहा महिने कोंडून घातलं होतं तुला तिथे. मी डिपेंडंट व्हिसावर, म्हणजे नोकरी करायची नाही. गाडी एकच, ती सकाळी तुझ्या जावयाबरोबर ऑफिसला जायची. बाहेर फुटपाथ नाही, रस्ता असा की ओलांडायची सोय नाही, आणि समोर दिसणाऱ्या दुकानातून कोथिंबिरीची जुडी आणायची तरी नवरा घरी यायची वाट बघायची. पहिल्याच आठवड्यात तू म्हणालीस, "काय गं, एवढं शिकलीस ती एसीत बसून राहायला?" माझ्या नाकाला अशा मिरच्या झोंबल्या! खरं होतं ना ते. मी दोन दिवस तुझ्याशी धड बोलले नाही, आणि त्या घरात बोलायला दुसरं कुणी नव्हतं, तेव्हा शिक्षा मलाच झाली.

वरची तुला जिन्यात भेटली. वरच्या मजल्यावर एकटी राहणारी, गोरीपान, निळ्या डोळ्यांची, डोक्याला घट्ट रुमाल. इथेच टेक्सासमध्ये, दर रविवारी चर्चला जाणाऱ्या घरात वाढलेली. मुसलमान झाली ती स्वतःच्या मनाने झाली, कुणाशी लग्न करायला म्हणून नाही, पण हे कुणाला पटायचंच नाही. आपल्या महाराष्ट्र मंडळातल्या बायकासुद्धा मला हळूच विचारायच्या, "नवरा कुठला गं तिचा?" अगं, नवराच नव्हता तिला! तू मात्र एकदाच विचारलंस, "आई आहे का तिला?" आई नुकतीच गेली होती तिची. त्या दिवसापासून ती तुला गाडीत घालून दुकानात न्यायची आणि तू तिला पोळ्या लाटायला शिकवायचीस. ना तिला मराठी, ना तुला इंग्रजी, आणि तुमच्या गप्पा काही संपायच्या नाहीत. तिच्या पोळीला कोपरे यायचे, तरी माझ्या पोळीचं कधी केलं नाहीस एवढं कौतुक तिच्या पोळीचं करायचीस. "वरची आली का गं?" हे तुझं पालुपद. मला हेवा वाटायचा, सांगून टाकते.

न्यूयॉर्कचे टॉवर पडल्यानंतरची ती वर्षं. रुमाल बांधून नुसतं पेट्रोल भरायला गेलं तरी लोक वळून बघायचे. त्यात या बाईने इंटरनेटवरच्या त्या साइटवर, जिथे तेव्हा सगळेच एकमेकांच्या पानावर जाऊन लिहायचे, आपण धर्म का बदलला ते मोकळ्या मनाने लिहिलं. झालं! ओळख ना देख, लोक येऊन थडकायला लागले. कुणी देशद्रोही म्हणायचं, कुणी लग्नाची मागणी घालायचं, कुणी सिस्टर सिस्टर करत रुमाल कसा बांधावा ते शिकवायचं. मी तुला वाचून दाखवलं तेव्हा तू म्हणालीस, "रिकामटेकडे मेले," आणि पुन्हा कणीक मळायला लागलीस.

मग आलं आपलं हळदीकुंकू. संक्रांतीनंतरचा शनिवार गाठून मी मंडळातल्या बायकांना बोलावलं. वाण काय, तर डॉलरवाल्या दुकानातले झाकणाचे डबे. सकाळपासून तू तिळाच्या वड्या थापल्यास आणि बायका यायच्या सुमाराला स्वयंपाकघरात जाऊन बसलीस. बाबांच्या मागे तू हे असंच करत आली होतीस. मी म्हटलं, "आई, अमेरिका आहे ही, चल बाहेर." तू म्हणालीस, "अमेरिका असली म्हणून काय झालं? बायका आपल्याच आहेत ना?" कप्पाळ माझं! तेवढ्यात वरची आली. तिला कुंकू लावायला कुणीतरी पुढे झालं तेव्हा तिने छातीवर हात ठेवून हसत नको म्हटलं. कुणाला राग आला नाही. तिला डबा मिळाला, वडी मिळाली. मग ती मला विचारते, "व्हेअर इज मॉम?" मी सांगितलं, आत आहे, नवरा गेलेल्या बाईला कुंकू लावत नाहीत, रूढी आहे आमची. इंग्रजीत सांगितल्यावर ते इतकं दुष्ट ऐकू आलं की मलाच लाज वाटली. ती टीपॉयवरचा करंडा उचलून सरळ आत गेली, तुझ्यासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "यू वॉन्ट?" सगळ्या बायका दारात. तू पदराला हात पुसलेस, "येस" म्हणालीस आणि कपाळ पुढे केलंस.

मंडळातल्या एकीने फोटो काढला. वाईट हेतू नव्हता गं, डोळ्यांत पाणी होतं तिच्या. संध्याकाळी तिने तो साइटवर टाकला, आमची मुस्लिम मैत्रीण आमच्या हळदीकुंकवाला, किती गोड, असं लिहून. वरचीच्या पानाची लिंकही जोडली, कौतुक तिच्यापर्यंत पोचावं म्हणून. आपल्याकडे असंच असतं, कौतुक मनात मावत नाही, चव्हाट्यावरच मांडायचं असतं.

दुसऱ्या दिवसापासून तू आंघोळ झाल्यावर तिळाएवढं कुंकू लावायला लागलीस. मला काही सांगितलं नाहीस, मी विचारलं नाही. आरशासमोर जरा जास्त थांबायचीस, बस्स. तुझा जावई म्हणाला, "आई छान दिसतात," तेव्हा तू लाजलीस, मी पाहिलंय. मला इतका आनंद झाला होता आई, की मी बाथरूममध्ये जाऊन रडून आले.

आणि वर वरचीचं घर तुरुंग झालं. फोटो कुठून कुठे गेला, काढून टाकला तरी लोकांकडे होताच. कुणी लिहिलं, ही खरी मुसलमान नव्हेच. कुणी लिहिलं, शाब्बास, आता रुमालही काढ. आपल्यातल्या शहाण्यांनी लिहिलं, विधवेला कुंकू लावणारी ही कोण टिकोजीराव? तिच्या सख्ख्या भावाने लिहिलं, पुढच्या वर्षी काय होणार आहेस? ती ज्या दातांच्या क्लिनिकमध्ये रिसेप्शनला होती तिथे फोन यायला लागले, आणि डॉक्टर म्हणाला, हे आठवड्यात थांबव, नाहीतर मला दुसरी मुलगी बघावी लागेल. एक माणूस तर पार्किंगमध्ये येऊन तिच्या गाडीचे फोटो काढून गेला. तिने पडदे लावून घेतले. तुझं दुकानात जाणंही बंद झालं. तुझा जावई मला म्हणाला, "यार, ग्रीन कार्ड अडकलंय आपलं, नाव कुठे यायला नको." तोही घाबरला होता, त्याला तरी काय बोलू? मशिदीतल्या एक वयस्कर बाई तिच्यासाठी जेवण घेऊन आल्या, प्रेमळ होत्या बिचाऱ्या, त्याही म्हणाल्या, बेटी, एक ओळ लिहून टाक, चूक झाली म्हणून. लोक विसरतील. प्रत्येकजण तेच सांगत होता. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी गत.

एका दुपारी ती लॅपटॉप घेऊन खाली आली. तू कणीक मळतेयस. डोळे सुजलेले तिचे. मला म्हणते, "आस्क हर. मी मिस्टेक असं लिहिलं तर ती हर्ट होईल? ती नो म्हणाली तर मी नाही लिहिणार. जॉब गेला तर गेला." मी तुला मराठीत सांगितलं, आणि मला वाटत होतं, आई, तू नाही म्हण. एकदा तरी नाही म्हण. तू हातही थांबवला नाहीस. "तिला म्हणावं, बाळा, लिही. म्हणावं, म्हातारीनेच हात धरून लावून घेतलं. मी काय, चार दिवसांनी विमानात बसणार. राहायचंय तिला इथे." मी हे तिला सांगितलं, शब्दाला शब्द. म्हातारीवर ढकलायला ती तयार झाली नाही. "माझी चूक होती, पुन्हा होणार नाही," एवढंच लिहिलं आणि तुझ्या पिठाच्या हातांत तोंड खुपसून रडली.

गलका थांबला. नोकरी राहिली. पण दुसऱ्या दिवशी सकाळी तू बाहेर आलीस ती मोकळ्या कपाळाने. मी म्हटलं, "आई, कुंकू?" तू म्हणालीस, "तिने लिहिलंय ना, चूक होती म्हणून. मग ती चूक मी कपाळावर घेऊन हिंडू? उद्या कुणी पुन्हा फोटो काढला म्हणजे?" आणि पोहे भिजवायला घेतलेस.

हेच ते भांडण. कुणी नसता गं काढला फोटो! पडद्याआड होतो आपण, कोण येणार होतं बघायला? जगात एकदाच कुणीतरी तुला विचारलं, तुला हवंय का, आणि तू हो म्हणालीस, ते एवढ्या पटकन कसं परत करून टाकलंस? सांगलीला घरी परत गेल्यावर तर प्रश्नच मिटला. मी दर वर्षी येऊन तुझ्या कपाळाकडे बघायचे. तू म्हणायचीस, "काय बघतेस?" मी म्हणायचे, "काही नाही."

वरचीने ती साइट सोडली, टेक्सास सोडलं. रुमाल अजून आहे, पोळ्यांचे कोपरेही आहेत म्हणे. हे पत्र तुला पाठवायची सोय नाही, आणि तिच्या हाती लागू द्यायचं नाही, म्हणून फाडणार आहे मी. दर संक्रांतीला ती फोन करते आणि दर वेळी विचारते, इंडियाला गेल्यावर मॉम ते लावायची ना? मी म्हणते, हो, शेवटपर्यंत. खोटं बोलते मी तिच्याशी, आई, आणि यंदाही बोलले.