आधी श्वास, मग गज

४ मार्च
आमच्याच ऑर्केस्ट्रात चेलोची जागा रिकामी झाली! ठकीने अर्ज केलाय. मी संचालकांकडे गेले. म्हटलं, माझी लेक आहे, मला परीक्षक नेमू नका. ते हसले. "अहो बाई, मध्ये पडदा असतो. पडद्याला कसली आई नि कसली लेक!"

७ मार्च
"या वेळी नाही झालं तर वाजवणं बंद करेन गं" — जेवताना म्हणाली. मीठ मागावं इतक्या सहज. याआधीचे दोन नकार तिने असेच हसून सांगितले होते.

आता पलीकडच्या खोलीत वाजवतेय. पहिल्या सुराआधी तो नाकाने ओढलेला मोठा श्वास — भिंतीतूनही ऐकू येतो. मीच लावलेली सवय. आधी श्वास, मग गज. तिचे बाबा चिडवायचे, "सुटली आगगाडी!"

११ मार्च
उद्या. वाजवायचंय तिला, आणि झोप उडालीय माझी!

१२ मार्च
पडद्यापलीकडे जाड सतरंजी. पावलांवरून बाई की बुवा, तेही कळू नये म्हणून. नावं नाहीत, नुसते क्रमांक.

दुसऱ्या क्रमांकाचं वाजवणं स्वच्छ, पण आखडलेलं. संचालक कुजबुजले, "चांगलंय की हो." मी म्हटलं, "सूर आहेत, जीव कुठाय?" कागदावर ‘नाही’ लिहिलं.

मग चौथा. आणि तो श्वास! अगदी तोच. पुढचं मी धड ऐकलं तरी का? वाजवणं छानच होतं. ‘हो’ लिहिलं. छान होतं म्हणून, की माझी होती म्हणून — देव जाणे.

चौथा क्रमांक एका मताच्या फरकाने निवडला गेला.

पडदा सरकला. समोर एक उंच, दाढीवाला मुलगा. सर्दीने नाक लालभडक. रुमाल शोधत होता!

दुसरा क्रमांक ठकीचा होता.

१३ मार्च
तिचं दार बंद. चहा दाराशी ठेवला. तसाच निवला.

पोटची पोर, आणि मला ओळखू आली नाही.

१५ मार्च
ठकीने चेलो पेटीत ठेवला. कड्या लावता लावता, माझ्याकडे न बघता म्हणाली, "श्वास दाबूनच वाजवलं गं आई. तू ओळखलं असतंस, तर तुला धर्मसंकट पडलं असतं."