डाव्या हाताची भाकरी

हार्लेम, ४ मार्च १६५४

चि. सौ. हेस्तर हिस अनेक आशीर्वाद.

दीड वर्षाने पत्र आलं म्हणून दचकू नकोस, मी धडधाकट आहे. रखडलंय ते काम. बायबलातला अब्राहाम आपल्या दासीला, हागारला, तिच्या पोटच्या आपल्याच पोरासकट, वाटेपुरती भाकरी देऊन घराबाहेर काढतो, ते चित्र छापण्यासाठी तांब्यावर कोरलं. तांब्यावरचं कागदावर उलटं उतरतं, हे चाळीस वर्षं लोकांना शिकवणारा मीच; आणि माझाच अब्राहाम हागारला डाव्या हाताने भाकरी देतोय. प्रकाशक म्हणाला, घालवायचंच होतं तर निदान धड हाताने तरी द्यायची.

पूर्वी तू आरसा धरून बसायचीस, चूक आधी तुला दिसायची. आता घरात बोलायलाही कोणी नाही. मांजरसुद्धा शेजारी नांदायला गेलंय. हात खरवडून पुन्हा कोरू का, कळव.

तुझा बाप,
योरिस

होर्न, १९ मार्च

तीर्थरूप बाबांस हेस्तरचा शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि.

हात खरवडा, दोन दिवसांचं काम. मांजराला हेरिंग माशाचं डोकं दाखवा, धावत येईल. पहिल्यापासून हावरटच आहे.

बाबा, राग मानू नका, पण लिहिते. आपण प्रोटेस्टंट आणि मी लग्न केलं तो लाम्बर्त कॅथलिक, म्हणून तुम्ही मला घराबाहेर काढलंत, तेव्हा भाकरी कुठल्याच हाताने दिली नव्हती.

जूनमध्ये मला मूल होईल. लाम्बर्त जहाजावर आहे, ऑगस्टपर्यंत येत नाही. इथे एकटीला फार भीती वाटते. तुमच्याजवळ यावंसं वाटतं. पण परतल्यावर तोही त्याच दारातून आत आला पाहिजे. येऊ देणार असाल तरच बोलवा.

कळावे. माया आटली नसेल अशी आशा करते.
हेस्तर

हार्लेम, २ एप्रिल

चि. सौ. हेस्तर हिस आशीर्वाद.

पत्र तीनदा वाचलं. मग हात खरवडला. पाठोपाठ दंड, मग तोंड, थांबताच येईना. आता अब्राहाम उरलाच नाही. नुसतं उघडं दार, आणि बाई पोराला घेऊन चाललीये.

पहिल्या होडीने निघ. वरची खोली झाडून घेतली आहे. लाम्बर्त आला की तोही तिथेच राहील. शुक्रवारी कॅथलिकांना मांस चालत नाही, तर त्याच्याबरोबर मीही मासेच खाईन, माझं काही बिघडत नाही.

चित्र प्रकाशकाने परत केलं. म्हणाला, "यात अब्राहामच नाही, मग हिला घालवलं कोणी?"

मी म्हटलं, "मी."

लोभ मागायला तोंड नाही, तरी मागतो.
योरिस