बूड न टेकणारा माणूस

ता. ३ जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि. पत्र चौथीतून पळालेल्या भावाचं आहे, तेव्हा ऱ्हस्व-दीर्घ तुझं तू बघ.

मी खुशाल आहे, पण कारखान्याच्या मते आजारी आहे. मला आता काचा तपासायला बसवलंय. चष्म्याची एकेक काच दिव्यापुढे धरायची, कलती करायची, ओरखडा चमकला की बाजूला. दहा तास स्टुलावर. बसलं की माझा पाय हलतो, पाय हलला की टेबल हलतं, आणि तबकातल्या काचा किणकिणायला लागतात. मुकादमाने बोंब मारली. मग कारखान्याच्या डॉक्टरने सगळ्यांनाच छापील कागद वाटला. दहा प्रश्न. बसून पाय अवघडतात का? उठून चालावंसं वाटतं का? पाच 'हो' आले की तुम्हाला अस्वस्थ पायांचा रोग. आमच्या खोलीतले चौदाच्या चौदा रोगी निघाले. एका पायाच्या वॉचमनलासुद्धा सहा 'हो' आले. तो डॉक्टरला म्हणाला की औषध कुठल्या पायाला घेऊ ते सांगा, लाकडाचा तर शांत आहे.

मला यात काळंबेरं दिसतं. कुणाच्या पायाला हात लावला नाही, आणि गोळ्यांची खोकी मात्र कागदाच्या आधी हजर.

शेवटचा प्रश्न होता, घरात कुणाला हा त्रास आहे का. मी 'नाही' लिहिलं. बाबा आठवले, पण तो रोग नव्हे. आई शेवटचे अठरा दिवस दवाखान्यात होती आणि त्या माणसाने तिच्या खाटेपाशी पाच मिनिटं बूड टेकलं नाही. म्हणून तर मी घर सोडलं.

लोभ आहेच, तो उत्तर धाडून दाखव.
तुझा धाकटा

ता. १४ जानेवारी

चि. धाकट्यास,
अ. उ. आ. तुझे ऱ्हस्व-दीर्घ बघितले. तेही तुझ्यासारखेच, जागेवर राहत नाहीत.

बाबा पंधरा दिवस माझ्याकडे आहेत. संध्याकाळी यांनी खुर्ची पुढे केली की दोन मिनिटांत उठतात आणि गॅलरीत येरझाऱ्या. शेवटी यांनीच विचारलं की आपल्या घरात सासऱ्यांना काही बोचतंय का. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग डॉक्टरीणबाईंकडे नेलं. बाबांनी खाली मान घालून सांगितलं की बसलं, आडवं झालं की पोटऱ्यांच्या आतून काहीतरी वळवळतं, चाललं तरच थांबतं, आणि हे विशीपासून आहे. रक्त तपासलं तर लोह फारच कमी. त्याच्या गोळ्या दिल्यात. या दुखण्याला नाव आहे म्हणाल्या, तुझ्या कागदावरचंच.

बरं होईल का, हे बाबांनी विचारलंच नाही. ते नाव कागदावर लिहून मागितलं. कागद घडी करून खिशात असतो. कुणासाठी म्हटलं, तर उभ्याउभ्या चष्मा पुसतात.

जेवत जा. रागावलास तरी माया कमी करू नकोस.
ताई

ता. २५ जानेवारी

ती. ताईस,
सा. न. (पाय टेबलाला न लावता).

बाईंना लक्षणं खरंच बाबांनी सांगितली, की माझ्या कागदावरून तू? वाईट वाटून घेऊ नकोस, दिवसभर ओरखडे शोधून माझी नजरच तशी झालीय. मी कारखान्याच्या गोळ्या खाल्ल्या नाहीत, सरकारी दवाखान्यात गेलो. तिथल्या डॉक्टरने विचारलं की घरी आडवं झाल्यावर पाय छळतात का. मी म्हटलं, मी ओंडक्यासारखा झोपतो. तो हसला, म्हणाला की त्या स्टुलावर दहा तास बसवलं तर खांबाचेही पाय हलतील, रोगबिग काही नाही. मग माझा रोग खोटा आणि बाबांचा तेवढा खरा? इतक्या वर्षांनी नाव सापडलं की झालं, सगळं माफ? आईच्या खोलीबाहेर, दवाखान्याच्या व्हरांड्यातली बाबांच्या चपलांची फटक-फटक अजून माझ्या कानात आहे. आई डोळा मिटायची आणि हे सुरू. मी उठून दार लावायचो.

तुझ्यावर राग नाही, हे समजून असावे.
धाकटा

ता. ५ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
आशीर्वाद. आज थट्टा नाही.

दवाखान्यात आईपाशी तुझी पाळी सकाळची, माझी दुपारची. तू जिना उतरलास की आई पहिलं काम सांगायची, ते दार उघडण्याचं. म्हणायची की चपला ऐकू आल्या म्हणजे ते इथंच आहेत. तेवढ्यावर तिला झोप लागायची. आवाज थांबला की डोळे उघडून दाराकडे बघायची. त्यांच्या पायांचं तिला लग्नापासून ठाऊक होतं, फक्त नाव ठाऊक नव्हतं. हे तुला सांगायचं नाही अशी तिने मला शपथ घातली होती. कारण दार तू तिच्या झोपेसाठीच लावायचास.

शपथ मोडली. दोष मला लागू दे.
ताई

ता. १५ फेब्रुवारी

ती. बाबांस,
नमस्कार. तीन वर्षांत पत्र नाही, तेव्हा मायना चुकला तर चालवून घ्या.

मी मुकादमाशी भांडून टेबलाखाली विटा लावून घेतल्या. आता उभ्याने काचा तपासतो. काचा गप्प आहेत. वॉचमन म्हणतो, चौदा रोग्यांतला एक विटांनी बरा झाला.

चार दिवसांची रजा मिळाली आहे. रविवारी सकाळच्या गाडीने येतो. स्टेशनवर या. तो कागद आणू नका, माझा कागदांवर विश्वास नाही. चपला मात्र त्याच घाला.

बाकडं शोधू नका. फलाट लांब आहे, या टोकापासून त्या टोकापर्यंत बोलत जाऊ.

आपला,
दार लावणारा