पहिला लाल टमाटा

खुलताबाद, पौषातला मंगळवार

आज राग आला आणि ऊरही भरून आला. आधी काय लिहू?

माझा पहिला टमाटा लाल झाला. आजूबाजूच्या वावरात अजून सगळे हिरवेच आहेत. लवकर पिकणारं वाण लावलं तेव्हा मामा, म्हणजे माझे सासरे, हसले होते. त्यांची हयात मेंढरांमागं गेली. "एवढ्या थंडीत टमाटा? पोरी, मेंढरू हाय का ते, अंगावर लोकर असायला?" मग गारठा वाढला, पानं करपायला लागली, पांघरायला जुन्या साड्या पुरेनात. तेव्हा मामांनीच वाफ्यात काठ्या रोवल्या आणि वर स्वतःचं घोंगडं टाकलं. रोज संध्याकाळी टाकायचे. स्वतः गोधडीत कुडकुडायचे.

आज तो टमाटा खुडून ठेवला होता. मीठ लावून खायचा होता मला. बघते तर जागेवर नाही. तेवढ्यात मामा चहाच्या टपरीवरून आले.

"मामा, टमाटा कुठाय?"

"दाखवायला नेलता. एक जण म्हणला, बाजारातून आणला असंल. मंग कापला अन् समद्यांना फोड दिली."

"मला नाय ठेवली?"

ते ओशाळले. "मलाबी नाय उरली. पर सांगितलं, माझ्या सुनंनं पिकवलाय. लई गोड हाय म्हणले."

गोड होता म्हणे! सगळ्या टपरीला चव कळली, मलाच नाही. आणि तरी मघापासून हसू आवरत नाही. मामांनी असं कौतुक पोटच्या पोराचंही कधी चारचौघांत केलेलं नाही.