देल्फिनाची निळी खूण

३ सप्टेंबर
आजपासून रोज सकाळी देल्फिनाला एक कविता. सहावीच्या पुस्तकातली, माझ्या आवाजात, फोनवर रेकॉर्ड करून. तेव्हा वर्गात ती माझ्या पुढच्या बाकावर बसायची. आता गल्लीच्या टोकाला राहते. पहिली कविता लापाचोच्या झाडाच्या गुलाबी फुलांवरची. आवाज छान लागला.

९ सप्टेंबर
कविता पोचतात. दोन करड्या खुणा येतात. ऐकल्यावर त्या निळ्या व्हायला हव्यात, होत नाहीत. स्वस्तातल्या फोनला निळा रंग झेपत नसावा. अपडेट आलंय, असं फोन म्हणतो. करणार.

१० सप्टेंबर
संध्याकाळी देल्फिनाच्या दारात तेरेरे, म्हणजे आमचा बर्फगार पाल्याचा चहा. शिंगाचा पेला सगळ्यांत एकच. ती बर्फाचं पाणी ओतते, पेला फिरतो. आभार मानले म्हणजे पुरे झालं, पुढच्या फेरीत पेला नाही. मी कधीच मानत नाही. शेजारचा हिलारिओ म्हणाला, हा आभार मानेल त्या दिवशी नदी उलटी वाहील. कवितांचा विषय तिने काढला नाही. चारचौघांत कसा काढणार?

१२ सप्टेंबर
अपडेटला जागा नाही. मुलगी मिर्ता म्हणाली, "पपा, आधी त्या कविता पुसा." पोरीला काव्याचं अंग नाही. बँकेचं अ‍ॅप काढलं. पेन्शन काही पळून जात नाही.

१३ सप्टेंबर
अपडेट सुरू. फोन तव्यासारखा तापला. तेरेरेच्या बर्फात ठेवला, फडक्यात गुंडाळून. डोकं चालवावं लागतं.

१४ सप्टेंबर, सकाळ
झालं. आवाज जरा पाण्याखालून येतो. जुन्या रेडिओची आठवण झाली. मिर्ताला पाठवलेल्या निरोपावर निळी खूण. ती म्हणते, पहिल्यापासून होती. तिचं लक्ष नसतं.
देल्फिनाच्या मात्र करड्याच. म्हणजे दोष तिच्या फोनचा. तिलाही अपडेट करायला लावायचं.

१७ सप्टेंबर
तेरेरेच्या वेळी तिच्याकडे गेलो. तिचाही फोन स्वस्तातलाच, गच्च भरलेला. अपडेटचं बटण मीच दाखवलं. फोनने विचारलं, कधीच न उघडलेल्या बऱ्याच फायली आहेत, काढून टाकू?
मी म्हटलं, "खुशाल काढ. न उघडलेलं काय कामाचं?"
तिचं बोट थांबलं. "क्रिसांतो, या सगळ्या तुझ्याच आहेत रे."
हिलारिओ बर्फाकडे बघू लागला.
मी म्हटलं, अपडेट महत्त्वाचं. तिने दाबलं. जागा भरपूर झाली.
पेला माझ्याकडे आला. प्यायलो. आभार मानले.